शॅडो स्टॅकचा कर्नल कोड रिव्ह्यू करायला घेतलाय? मग आधी काय बघायचं आणि कुठे अडून बसायचं

शॅडो स्टॅकची पॅच सिरीज पहिल्यांदा उघडली की घाबरायला होतं, कारण असल्या सिरीज चाळीसेक पॅचच्या असतात आणि त्यात मेमरी मॅनेजमेंट, सिग्नल, क्लोन (नवी प्रोसेस किंवा थ्रेड बनवणं), पीट्रेस (डीबगरसाठीचा सिस्टम कॉल), सेल्फटेस्ट, डॉक्युमेंटेशन सगळं एकाच माळेत ओवलेलं असतं. पहिल्या पॅचपासून शेवटच्यापर्यंत सरळ वाचत गेलात तर दहाव्या पॅचला थकाल आणि पुढचं नुसतं डोळ्याखालून जाईल. म्हणून मी कुठल्या क्रमाने वाचतो ते सांगतो, तुम्ही तुमच्या सोयीने बदला.

आधी थोडक्यात उजळणी. फंक्शन कॉल झाला की रिटर्न ॲड्रेसची एक जास्तीची कॉपी वेगळ्या स्टॅकवर (हाच शॅडो स्टॅक) जाते, त्या स्टॅकवर साध्या स्टोअर इन्स्ट्रक्शनने लिहिता येत नाही, आणि परतताना दोन्ही ॲड्रेस जुळले नाहीत तर प्रोसेसर एक्सेप्शन देतो. एक्स८६ वर हे सीईटी (कंट्रोल-फ्लो एन्फोर्समेंट टेक्नॉलॉजी) नावाच्या फीचरचा भाग आहे आणि लिनक्समध्ये युजरस्पेससाठी ६.६ मध्ये आलं (२०२३). आर्म६४ वर त्याला जीसीएस म्हणजे गार्डेड कंट्रोल स्टॅक म्हणतात, ते ६.१३ मध्ये आलं. रिस्क-व्ही वर झिकफिस नावाचं एक्स्टेन्शन आहे. पहिल्या दोघांत कॉल आणि रिटर्न आपोआप शॅडो स्टॅक सांभाळतात, रिस्क-व्ही वर मात्र कंपायलर एसएसपुश आणि एसएसपॉपचेक अशा वेगळ्या इन्स्ट्रक्शन टाकतो. हा फरक लक्षात ठेवा, कारण एका आर्किटेक्चरचा कोड बघून दुसऱ्याचा लिहिलेला असला की गडबड अशाच ठिकाणी होते.

आता मुद्दा. नवीन रजिस्टर वाचणं, नवीन बिट सेट करणं या कोडमध्ये बग फार सापडत नाहीत, ते चार लोकांनी आधीच स्पेसिफिकेशनशी ताडून बघितलेलं असतं. बग सापडतात ते कर्नल स्वतः प्रोसेसच्या पाठीमागे काहीतरी करतो तिथे: पान कॉपी करतो, स्वॅपमधून परत आणतो, सिग्नल देताना खोटी फ्रेम रचतो, रिटर्न ॲड्रेस बदलतो. म्हणून प्रत्येक पॅच वाचताना मनात एकच प्रश्न घोळवायचा, की या पानावर आता कोण कोण लिहू शकतं, आणि एसएसपी म्हणजे शॅडो स्टॅक पॉइंटर आता कोण कोण हलवू शकतं. पॅचच्या कमिट मेसेजमधून याचं उत्तर मिळत नसेल तर तोच तुमचा पहिला कमेंट.

वाचायला सुरुवात डॉक्युमेंटेशनच्या पॅचपासून करा, तो सिरीजच्या शेवटी असला तरी. कर्नल ट्रीमध्ये डॉक्युमेंटेशनखाली एक्स८६ ची शॅडो स्टॅकची फाइल आणि आर्म६४ ची जीसीएसची फाइल आहे, दोन्ही छोट्या आहेत, एका बैठकीत होतात. तुमचं आर्किटेक्चर तिसरंच असेल तरी या दोन्ही वाचाच, कारण युजरस्पेसला कुठली वागणूक अपेक्षित आहे हे तिथे ठरून गेलंय आणि नवीन आर्किटेक्चर उगाच वेगळं वागत असेल तर ते लिबसीवाल्यांच्या (सी लायब्ररी लिहिणाऱ्यांच्या) गळ्यात पडतं. त्यानंतर प्रोसेसरच्या मॅन्युअलमधलं पेज टेबलचं प्रकरण. इथे आळस केला की पुढचं सगळं रिव्ह्यू वाया गेलं समजा.

पेज टेबल हा सगळ्यात खोल भाग आहे, इथे वेळ घालवा.

एक्स८६ ने शॅडो स्टॅकचं पान ओळखायला वेगळा बिट दिलेलाच नाही. पीटीईमध्ये (पेज टेबलमधली एका पानाची नोंद) राइट ० आणि डर्टी (पानावर लिहिलं गेल्याची खूण) १ असेल तर ते शॅडो स्टॅकचं पान. आता विचार करा, हे कॉम्बिनेशन कर्नलमध्ये आधीपासून सहज तयार होत होतं: पानावर लिहिलं, डर्टी झालं, मग फोर्क झाला (प्रोसेसची नक्कल बनली), कॉपी-ऑन-राइटसाठी (कुणी लिहीपर्यंत पान दोघांत वाटून ठेवणं) राइट बिट काढला, झालं राइट ० डर्टी १. म्हणजे साधं डेटाचं पान हार्डवेअरच्या नजरेत शॅडो स्टॅक बनलं. यावर उपाय म्हणून सेव्ह्ड-डर्टी नावाचा एक सॉफ्टवेअर बिट आणला, राइट काढताना हार्डवेअरचा डर्टी या बिटात सरकवायचा आणि राइट परत देताना पुन्हा जागेवर आणायचा. रिव्ह्यू करताना राइट बिटाला हात लावणारं प्रत्येक फंक्शन शोधा आणि ही सरकवासरकव सगळीकडे होतेय का बघा, फक्त पीटीईला नाही तर पीएमडी आणि पीयूडी या मोठ्या पानांच्या नोंदींनाही, मोठ्या पानांचा रस्ता हमखास विसरला जातो.

रेसचंही बघा. राइट-प्रोटेक्ट करताना आधी नुसता ॲटॉमिकली एक बिट क्लिअर केला की काम भागायचं, आता दोन बिट एकाच वेळी हलवायचे असल्याने कम्पेअर-एक्स्चेंजचा (मधे कुणी बदललं नसेल तरच लिहिणं) लूप लागतो, कारण मधल्या क्षणात दुसऱ्या कोअरवरचं हार्डवेअर डर्टी सेट करू शकतं. पॅचमध्ये वाचा, बदला, लिहा असं सरळ तीन ओळीत दिसलं तर थांबा आणि विचारा.

रिस्क-व्ही ने वेगळा मार्ग घेतलाय, तिथे रीड ० राइट १ एक्झिक्यूट ० हे आधी राखीव असलेलं एन्कोडिंग शॅडो स्टॅकला दिलं. इथे बघायची गोष्ट अशी की युजरने एममॅपला (मेमरी मॅप करायचा सिस्टम कॉल) फक्त लिहिण्याची परवानगी मागितली तर कर्नलने पीटीई बनवताना रीडसुद्धा दिलंच पाहिजे, नाहीतर साध्या एममॅपमधून शॅडो स्टॅक तयार होईल. आर्म६४ वर परमिशन इनडायरेक्शन वापरलंय, म्हणजे पीटीईत परमिशन नसून एका टेबलचा इंडेक्स असतो, त्यामुळे तिथे तो टेबल भरणारा कोड आणि इंडेक्स निवडणारा कोड शेजारी शेजारी उघडून ताडून बघायचा, दुसरं काही नाही.

जेनेरिक मेमरी कोडमध्ये एक मोठा बदल झालाय तो समजून घ्या. पान लिहिण्याजोगं करणारं पीटीई_एमकेराइट हे फंक्शन आता व्हीएमए (प्रोसेसच्या मेमरीच्या एका सलग तुकड्याची कर्नलमधली नोंद) पण घेतं, कारण लिहिण्याजोगं म्हणजे साध्या अर्थाने की शॅडो स्टॅकच्या अर्थाने हे व्हीएमएवरचा शॅडो स्टॅकचा फ्लॅग बघितल्याशिवाय कळत नाही. व्हीएमए न घेणारं जुनं रूप नोव्हीएमए असं शेपूट लावून शिल्लक आहे. नवीन पॅचमध्ये हे नोव्हीएमए वालं रूप युजरच्या पानासाठी वापरलेलं दिसलं की लाल पेन काढा. आणि नुसता डिफ बघू नका, जे बदललं नाही ते ग्रेप करून बघा: स्वॅपमधून पान परत आणणं, मायग्रेशन, नूमा हिंटिंग, युजरफॉल्टएफडी, एमप्रोटेक्ट. डिफमध्ये नसलेल्या ओळीत बग असतो हे या विषयात फार खरं आहे.

फॉल्ट हँडलरमध्ये तीन गोष्टी लागतात. शॅडो स्टॅकचा ॲक्सेस साध्या व्हीएमएवर झाला तर नकार. साधा स्टोअर शॅडो स्टॅकच्या व्हीएमएवर झाला तर नकार. आणि शॅडो स्टॅकचा रीड असला तरी तो राइट फॉल्ट म्हणून धरायचा, हे तिसरं लोकांना विचित्र वाटतं. कारण असं की फक्त वाचता येणारा शॅडो स्टॅक असा प्रकार एक्स८६ च्या पीटीईत लिहिताच येत नाही, मग रीड फॉल्टला सगळ्यांत वाटून वापरलेलं झिरो पेज दिलं आणि ते शॅडो स्टॅक म्हणून मॅप केलं तर काय होईल याचा विचार करा. कॉपी-ऑन-राइट आधीच तोडून प्रोसेसला तिचं स्वतःचं पान द्यायचं हाच सुरक्षित मार्ग.

कर्नलच्या मागच्या दाराने लिहिणं पण तपासा. गेट-युजर-पेजेस (कर्नलने युजरची पानं थेट पकडायची सोय) मधून साधा राइट मागितला तर शॅडो स्टॅकवर नकार यायला हवा, नाहीतर डायरेक्ट आयओला शॅडो स्टॅकचा ॲड्रेस बफर म्हणून देऊन कुणीही त्यावर लिहील. डीबगरचा फोर्सवाला रस्ता मात्र चालू ठेवलेला आहे आणि तो तसाच असू दे, जीडीबीला स्टॅक बदलायला लागतो.

कर्नलला स्वतःला युजरच्या शॅडो स्टॅकवर लिहायचं असेल तर त्यासाठी खास इन्स्ट्रक्शन असते, एक्स८६ वर डब्ल्यूआरयूएसएस, आर्म६४ वर जीसीएसएसटीटीआर, रिस्क-व्ही वर एसएसएएमओस्वॅप. इथे दोनच प्रश्न: फॉल्ट झाला तर एक्सेप्शन टेबलमधून नीट एरर परत येतो का, आणि तो एरर कॉलर बघतो का की गिळून टाकतो.

गार्ड पेजबद्दल पटकन. शॅडो स्टॅकच्या खाली एक रिकामं पान ठेवलं जातं. एक्स८६ वर एसएसपी पुढे सरकवणारी इन्स्ट्रक्शन एका दमात जास्तीत जास्त २०४० बाइट जाते आणि जाताना दोन्ही टोकांना मेमरीला स्पर्श करते, म्हणून ४०९६ बाइटचं एक पान ओलांडता येत नाही आणि तेवढं पुरतं. तुमच्या आर्किटेक्चरवर एसएसपी याहून लांब उडी मारू शकत असेल तर हा हिशोब परत मांडायला सांगा.

यानंतर थ्रेडचं जगणं-मरणं. इथे एक कागद घ्या आणि फोर्क, व्हीफोर्क, पीथ्रेड, एक्झेक, एक्झिट असे पाच रकाने पाडा, प्रत्येकात शॅडो स्टॅक कोणी बनवला आणि कोण मोकळा करणार ते लिहा. फोर्कमध्ये मेमरीच कॉपी होते म्हणून नवीन काही लागत नाही, मुलाला (नव्या प्रोसेसला; तिला बनवणारी ती आई) तोच ॲड्रेस चालतो. क्लोन_व्हीएम ने (मेमरी वाटून घेणारा क्लोनचा फ्लॅग) थ्रेड बनला तर नवीन शॅडो स्टॅक लागतो आणि तो कर्नल स्वतः बनवतो. व्हीफोर्क हा खोडकर, त्यात मूल आईचाच शॅडो स्टॅक वापरतं, तेव्हा मुलाच्या टास्कमध्ये बेस आणि साइझ शून्य केलेले हवेत. नाही केले तर मूल मरताना आईचा स्टॅक अनमॅप करून जाईल आणि आई परत आल्या आल्या पडेल. एक्झेकनंतर सगळं साफ आणि फीचर बंद, कारण नवीन प्रोग्रॅम शॅडो स्टॅकसाठी बनलेला आहे की नाही हे अजून कुणालाच ठाऊक नाही.

मोकळं करण्याच्या कोडमध्ये एक बारीक खाच आहे. क्लोन अर्ध्यात फसला तर एरर पाथ नवीन टास्कवर एक्झिटचा कोड चालवतो आणि तेव्हा चालू टास्क वेगळा असतो. म्हणून मोकळं करायच्या आधी टास्कचा एमएम (ॲड्रेस स्पेसची नोंद) आणि चालू प्रोसेसचा एमएम एकच आहे का ही तपासणी हवी, नाहीतर मुलाच्या नावाने आईच्याच ॲड्रेस स्पेसमध्ये अनमॅप होईल. तसंच अनमॅप करताना लॉक मिळाला नाही आणि ईआयएनटीआर (मधेच अडवल्याचा एरर) आला तर प्रोसेस मरतच आहे, तिथे स्टॅक सुटला तरी चालतं, पण बाकी कुठल्याही एररला वॉर्निंग हवी. हे कमेंटमध्ये लिहिलेलं नसेल तर लिहायला सांगा, सहा महिन्यांनी कुणीतरी "सफाई" म्हणून ते काढून टाकेल.

साइझबद्दल आर्किटेक्चरांची मतं वेगळी आहेत. एक्स८६ वर डीफॉल्ट साइझ स्टॅकच्या आरलिमिटएवढी (प्रोसेसला घातलेली मर्यादा), कमाल ४ जीबी. आर्म६४ वर आरलिमिटच्या निम्मी, कमाल २ जीबी, कारण तिथे नुसते रिटर्न ॲड्रेस जातात, लोकल व्हेरिएबल नाहीत. मला आर्मवाल्यांचं पटतं, पण रिव्ह्यूमध्ये यावर भांडण्यात अर्थ नाही, आरलिमिट अनलिमिटेड असताना गणित ओव्हरफ्लो होत नाही ना एवढं बघा.

शॅडो स्टॅक मॅप करायचा सिस्टम कॉल (नंबर ४५३) छोटा आहे पण त्यात पाणी मुरतं. नंतर स्विच करून त्या स्टॅकवर जाता यावं म्हणून टोकाला एक टोकन ठेवता येतं. अनोळखी फ्लॅगला ईइन्व्हॅल एरर, टोकन मागितलंय पण ८ बाइटची पण जागा नाही तर एरर, आणि साइझ पानाला राउंड करताना ती परत शून्याकडे गुंडाळली जात नाही ना ही तपासणी. ही शेवटची विसरली तर टोकन भलत्याच ॲड्रेसवर लिहिलं जाईल, आणि तेही कर्नलच्या हाताने, सगळी परवानगी असलेल्या इन्स्ट्रक्शनने. टोकन लिहिता आलं नाही तर मॅपिंग काढून टाकून एरर द्यायचा, अर्धवट मॅपिंग मागे ठेवायचं नाही.

सिग्नलकडे येऊ. सिग्नल हँडलर संपला की तो रिटर्न करतो, पण त्याला कुणी कॉल केलेलंच नसतं, म्हणून कर्नलला शॅडो स्टॅकवर रिस्टोररचा (हँडलरनंतर सिगरिटर्न हा परतीचा सिस्टम कॉल करणाऱ्या कोडचा) ॲड्रेस स्वतः टाकावा लागतो. त्याच्या आधी एक्स८६ वर जुना एसएसपी टाकतात, ६३ वा बिट सेट करून. हा बिट कशाला? सिगरिटर्नमध्ये कर्नल साध्या स्टॅकवरची फ्रेम वाचून सगळे रजिस्टर भरतो, आणि साध्या स्टॅकवर हल्लेखोर काहीही लिहू शकतो, हाच तर तो प्रसिद्ध सिगरिटर्न हल्ला. जुना एसएसपी शॅडो स्टॅकवर ठेवला की तो खोटा बनवता येत नाही, आणि ६३ वा बिट असल्याने ती नोंद चुकून रिटर्न ॲड्रेस म्हणूनही खपत नाही कारण तसला युजर ॲड्रेस असूच शकत नाही.

परत वाचताना कर्नल साध्या रीडने वाचतो, मग एसएसपी खरंच शॅडो स्टॅकवर आहे कशावरून? इथे एक सुंदर युक्ती आहे. हँडलरचा रिटर्न नुकताच शॅडो स्टॅकवरून ८ बाइट काढून आलाय, म्हणजे आधीचे ८ बाइट नक्की शॅडो स्टॅकवर होते, मग एसएसपी त्याच पानात असेल तर तोही आहे. फक्त एसएसपी बरोबर पानाच्या सीमेवर असेल तरच शंका, आणि तेवढ्याच वेळी व्हीएमए शोधून फ्लॅग बघायचा. दुसऱ्या आर्किटेक्चरवर हाच कोड उचलून ठेवलेला दिसला तर विचारा की तिथे हे गृहीतक लागू आहे का.

सिग्नल फ्रेम रचताना क्रम पण बघा: शॅडो स्टॅकवर लिहिणं फसलं तर प्रोसेसला सेगव्ही (मेमरी चुकीची वापरल्याचा सिग्नल), अर्धी फ्रेम देऊन पुढे जायचं नाही. आणि ऑल्टर्नेट सिग्नल स्टॅकसारखा ऑल्टर्नेट शॅडो स्टॅक एक्स८६ वर नाही, त्यामुळे शॅडो स्टॅकच भरून सेगव्ही आला तर हँडलर चालवायला जागा नसते, ही माहीत असलेली मर्यादा आहे, नवीन बग म्हणून रिपोर्ट करू नका.

कर्नल रिटर्न ॲड्रेस बदलतो अशी आणखी एक जागा म्हणजे यूरेटप्रोब (युजरचं फंक्शन परतताना टिपणारं ट्रेसिंग). तो फंक्शनचा रिटर्न ॲड्रेस आपल्या ट्रॅम्पोलिनकडे वळवतो, मग शॅडो स्टॅकवरची नोंदही बदलायला हवी नाहीतर प्रोब लावल्या लावल्या प्रोग्रॅम मरतो. पीट्रेसमधून एसएसपी सेट करायची सोय असेल तर ॲलाइनमेंट, युजर ॲड्रेसची मर्यादा आणि फीचर मुळात चालू आहे का, हे तिन्ही तपासलेलं हवं.

एबीआयचा (कर्नल आणि युजरस्पेस यांच्यातला ठरलेला करार) भाग शांत डोक्याने, कारण मर्ज झाल्यावर तो बदलता येत नाही. चालू करणं कोणाच्या हातात आहे ते बघा. एक्स८६ वर बायनरीमध्ये शॅडो स्टॅक चालतो अशी खूण असते पण कर्नल ती वाचत नाही, लोडर वाचतो आणि आर्च_पीआरसीटीएल हा सिस्टम कॉल करून फीचर चालू करून मग लॉक करतो. असं करण्यामागे कारण आहे: खूण असलेल्या कितीतरी बायनरी कर्नलचा सपोर्ट यायच्या आधीच लोकांच्या मशीनवर पोचल्या होत्या आणि त्यातल्या सगळ्या खरोखर चालत होत्या असं नाही. नवीन आर्किटेक्चरसाठी जेनेरिक पीआरसीटीएल आहेत, स्टेटस घेणं, स्टेटस ठरवणं आणि लॉक करणं. कुणी स्वतःचे वेगळे नंबर आणले तर कारण मागा. आणि लॉक झाल्यावर अनलॉक युजरस्पेसच्या सामान्य कॉलने होत असेल तर लॉकचा उपयोगच काय, एक्स८६ वर अनलॉक फक्त पीट्रेसमधून होतो, चेकपॉइंट करून रिस्टोर करणाऱ्या टूलसाठी.

चुकीच्या रिटर्नला सगळीकडे सिगसेगव्ही आणि कोड सेगव्ही_सीपीईआरआर, तिथे नवा शोध नको.

सिरीजची रचना पण रिव्ह्यूचाच भाग आहे. प्रत्येक पॅचवर बिल्ड व्हायला हवं, आणि फीचर युजरला दिसणं हे सगळ्यात शेवटच्या पॅचांत हवं, नाहीतर बायसेक्ट करणारा (बग कुठल्या पॅचने आला ते शोधणारा) मध्येच अशा कर्नलवर थांबेल जिथे शॅडो स्टॅक चालू होतो पण सिग्नल आला की प्रोसेस मरते. नवीन व्हर्जन आली की सगळं परत वाचू नका, गिट रेंज-डिफ लावा आणि फक्त बदललेलं बघा, तुमच्या आधीच्या कमेंटना उत्तर मिळालंय का ते पण तिथेच कळतं.

चालवून बघा मात्र. ट्रीमध्ये एक्स८६ ची शॅडो स्टॅक सेल्फटेस्ट आहे, आर्म६४ साठी जीसीएसचा अख्खा फोल्डर आहे. हार्डवेअर नसेल तर आर्मचं मॉडेल किंवा क्यूएमू. पण सेल्फटेस्ट पास झाली म्हणून थांबू नका: कॉन्फिग बंद करून बिल्ड करा, कॉन्फिग चालू पण फीचर नसलेल्या प्रोसेसरवर बूट करा, मेमरी इतकी कमी ठेवा की शॅडो स्टॅक स्वॅपमध्ये जाईल, आणि व्हीफोर्क आणि सिग्नल एकत्र येतील असा छोटा प्रोग्रॅम लूपमध्ये सोडा. चालू असताना एसमॅप्समध्ये (प्रोसेसच्या मॅपिंगची कर्नल देतो ती यादी) त्या मॅपिंगला एसएस हा फ्लॅग दिसतो का ते बघा, नसेल तर तुम्ही शॅडो स्टॅक नसलेलाच प्रोग्रॅम टेस्ट करत बसलाय, आणि टेस्ट आनंदाने पास होतेय.

कमेंट लिहिताना "इथे रेस आहे वाटतं" असं मोघम लिहू नका, कोअर एक काय करतो, कोअर दोन काय करतो हे दोन रकान्यात लिहा, लेखकाला लगेच पटतं आणि नसेल पटत तर कुठल्या ओळीवर तेही कळतं. रिव्ह्यूड-बाय (वाचून मान्य केल्याची ओळ) फक्त त्या पॅचवर द्या जे नीट वाचलेत, अख्ख्या सिरीजवर नाही. मेमरीचा भाग बघितला आणि सिग्नलचा नाही तर तसं सरळ लिहा, मेंटेनर सिग्नलसाठी दुसरा माणूस शोधेल. टेस्टेड-बाय देताना कुठला प्रोसेसर किंवा एम्युलेटर, कुठलं कॉन्फिग आणि लिबसीची कुठली आवृत्ती हे सोबत टाका.